एक 'लाइन', तिच्या किती लाइनी

आजचा विषय एका इंग्रजी शब्दाचा आहे, पण आम्ही इथं इंग्रजी शिकवायला आलेलो नाही. जो शब्द घेतलाय तो तुम्ही रोज दहा वेळा वापरता आणि तो इंग्रजी आहे हे कुणाच्या ध्यानातही राहत नाही. शब्द आहे 'लाइन'.

पिंगळीत येऊन हाच शब्द घ्यायला कारण आहे. पिंगळी हे लाइनीवरचं गाव. परभणीहून पूर्णेच्या दिशेनं निघालं की पुढचं स्टेशन पिंगळी, मग मिरखेल, मग पूर्णा. 'लाइनीवरचं गाव' म्हटलं की आपल्याला रूळ दिसतात. पण याच गावात दिवस मावळताना कुणी बांधावरून ओरडलं, "लाइन हाय का रे?" तर त्याला गाडीचं काही पडलेलं नसतं. त्याला मोटार सुरू करायची असते. रेशनच्या दुकानापुढं "लाइनीत उभं ऱ्हा" म्हणतात. "नळाची लाइन फुटली" म्हणतात. शाळेत गुरुजी म्हणतात, "पुढची लाइन वाच." आणि एखादं पोरगं "लाइन मारायलंय" असं कुणी सांगितलं, तर त्याच्या हातात पट्टी आहे का मोबाइल, हे बघितल्याशिवाय आपण अर्थ लावू शकत नाही.

आता एका शब्दाला पाच-पन्नास अर्थ असण्यात नवल काहीच नाही. इंग्रजीत 'सेट' आणि 'रन' यांच्यासाठी मोठे कोश पानंच्या पानं खर्च करतात. मराठीत आपला 'तास' घ्या. घड्याळाचा तास, शाळेतला गणिताचा तास, कापसाचा तास. शिवाय सुतार लाकूड तासतो ते वेगळंच. आपण कधी गोंधळतो का? "दोन तास निंदून झाले" असं बाई म्हणाली तर ती वेळ सांगतेय का सऱ्या सांगतेय, हे शेतात उभ्या असलेल्या माणसाला बरोबर कळतं. बोलणारा आणि ऐकणारा एकाच बांधावर असतील तोवर शब्दाला कितीही अर्थ असोत, भागतं. ते दोन वेगळ्या बांधांवर असले, म्हणजे दोन वेगळ्या धंद्यांतले असले, की अडचण येते. 'तास'मध्ये ही अडचण हसण्यावारी जाते. 'लाइन'मध्ये ती जिवावर बेतू शकते. त्या ठिकाणी आपल्याला पोचायचंय, पण जरा लांबून जाऊ.

हा शब्द मुळात कुठून आला? जवसातून. हो, जवस. आपल्या चटणीचं जवस. जवसाचं शास्त्रीय नाव 'लायनम युसिटाटिसिमम'. त्यातलं 'लायनम' हे लॅटिन 'लिनम'चं इंग्रजी उच्चारातलं रूप, म्हणजे जवस. आणि पुढच्या लांबलचक शब्दाचा अर्थ 'अतिशय उपयोगी'. आपल्याकडं जवस बियांसाठी पेरतात, तेल काढतात, चटणी करतात. युरोपात उंच वाढणाऱ्या जवसाच्या ताटापासून धागा काढत आले. त्या धाग्याचं कापड ते लिनन. त्याच कापडाचं कोटाला आतून अस्तर लावत, म्हणून अस्तराला 'लायनिंग'. बियांचं तेल 'लिनसीड'चं, आणि त्या तेलापासून केलेलं जमिनीवर अंथरायचं आवरण ते 'लिनोलियम'. या सगळ्यांत तेच 'लिन' बसलेलं आहे. जवसाच्या धाग्याला लॅटिनमध्ये 'लिनिया' म्हणत. त्या 'लिनिया'पासून 'लाइन'.

म्हणजे लाइन आधी धागा होती. मग दोरी झाली. दोरी दोन टोकांना ताणली की सरळ होते, म्हणून सरळ खूण म्हणजे लाइन. दोरीला धरून विटा लावल्या, झाडं लावली, शिपाई उभे केले की जी रांग होते तीही लाइन. दोरी जशी इथून तिथवर जाते तसा इथून तिथवर जाणारा रस्ता, रूळ, पाइप, तार, सगळ्या लाइनीच. यातली एकही पायरी अवघड नाही. प्रत्येक अर्थ शेजारच्या अर्थाला धरून आहे. पण पहिल्या पायरीवरून एकदम शेवटच्या पायरीकडं बघितलं, तर जवसाचा धागा आणि अकरा हजार व्होल्टची तार यांत नातं आहे हे कुणाला पटणार नाही.

आपल्या गवंड्यांनी मात्र हे नातं न शिकता जपून ठेवलंय. गवंडी ज्या दोरीला धरून वीट लावतो तिला तो काय म्हणतो? लाइनदोरी. आता लाइन म्हणजेच मुळात दोरी, म्हणजे हा माणूस 'दोरीदोरी' म्हणतोय! भाषेत असं होतं. बाहेरून आलेल्या शब्दाचा मूळ अर्थ विसरला जातो आणि आपण त्याच्या शेजारी आपला शब्द बांधून देतो. 'पावरोटी'त हेच झालं. पाव पोर्तुगीज, त्याचाही अर्थ रोटीच.

आणि हे काही इंग्रजांचंच डोकं चाललं असं समजू नका. आपल्याकडं हाच सगळा संसार 'सूत' या शब्दानं केलाय. सूत म्हणजे धागा. बिघडलेलं पोरगं 'सुताला लागलं' म्हणतो आपण, आता म्हणतो 'लाइनीवर आलं'. माणूस 'सुतासारखा सरळ' होतो. दोघांचं 'सूत जुळतं', तेच हल्लीच्या पोरांच्या भाषेत 'लाइन' असतं. (हशा) हसू नका, बघा बरं: धाग्यापासून सरळपणा आणि धाग्यापासूनच प्रेमप्रकरण, दोन्ही वाटा दोन्ही भाषांत निघाल्यात. म्हणून तर आम्हाला वाटतं की 'लाइन' मराठीत इतकी चटकन रुळली. तिच्यासाठी जागा आधीच तयार होती.

पण एक गोष्ट झाली. मराठीत या सगळ्यांना निरनिराळे शब्द होते. पाटीवर ओढायची ती रेघ. भूमितीत रेषा. वाचायची ती ओळ. माणसांची रांग. जेवायला बसली की पंगत. पेरणीचा तास. खांबावरची तार. या सगळ्यांच्या जागेवर 'लाइन' येऊन बसली. आम्ही इथं शुद्ध मराठीचा आग्रह धरायला उभे नाही. पण हिशेब मांडायला हरकत नाही. सात शब्दांचं काम एका शब्दावर पडलं, तर उरलेलं सांगायचं काम दुसऱ्या कुणाला तरी करावं लागतं.

ते कोण करतं? बहुतेक वेळा क्रियापद करतं. लाइन गेली, लाइन आली: वीज. लाइन लागली: माणसांची रांग. लाइन टाकली: पाइप नाहीतर रूळ. लाइन ओढली: रेघ, नाहीतर खांबावरची तार. लाइन धरली: पोरगं मार्गाला लागलं. लाइन तोडली: इथं मात्र थांबावं लागतं, कारण रांग मोडून मधे घुसणाराही लाइन तोडतो आणि थकबाकीसाठी आलेला वायरमनही लाइन तोडतो. 'लाइन सोडली'चंही तसंच. रांगेतला कंटाळलेला माणूस लाइन सोडून घरी जातो. उपकेंद्रातला ऑपरेटर लाइन सोडतो तेव्हा गावात वीज येते. पहिल्यात सोडणं म्हणजे जाणं, दुसऱ्यात सोडणं म्हणजे येणं. क्रियापद तेच, लाइनही तीच, अर्थ उलटा. हे उदाहरण लक्षात ठेवा, आपण याच वाटेनं पुढं जाणार आहोत.

वाटेत दोन लाइनी राहिल्या त्या चटकन सांगून टाकतो. पोलीस लाइन. तिथं ना तार ना रूळ. इंग्रजांच्या छावणीत शिपायांच्या खोल्या, तंबू ओळीनं असायचे, त्या ओळींना 'लाइन्स' म्हणत. वस्तीचं नाव त्यावरून पडलं. नागपुरातलं सिव्हिल लाइन्स त्याच कुळातलं. तिथं शिपायांऐवजी मुलकी साहेब राहत.

दुसरी लाइन आपल्या परभणीची. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, १९७२ पासूनचं. तिथं ज्वारीवर काम करणाऱ्या माणसाला विचारलं, तर तो 'लाइन' म्हणजे बियाण्याचं कूळ सांगेल. संकरित ज्वारी करताना तीन लाइनी लागतात: ए, बी आणि आर. ए लाइनीच्या कणसात परागकण कामाचे नसतात, म्हणून ती मादी. तिची जात पुढं टिकवायला बी लाइन. आणि शेतकऱ्याच्या रानात दाणे नीट भरावेत म्हणून फलनक्षमता परत आणणारी आर लाइन, ती नर. आपल्या हातात येतं ते या ए आणि आर लाइनींचं पोर. इथं लाइन म्हणजे वंश. आणि हा अर्थसुद्धा आपल्याला परका नाही. 'वंशावळ' शब्द सोडवून बघा: वंश आणि आवली. आवली म्हणजे ओळ, जशी दिव्यांची ओळ ती दीपावली. पिढ्या एकामागं एक ओळीनं उभ्या आहेत, ही कल्पना दोन्हीकडं सारखीच.

आता मुद्द्यावर येऊ. दोन शब्द घेऊ: 'लाइन क्लिअर'.

आपण हे रोजच्या बोलण्यात कसं वापरतो? "झालं का तुझं काम? साहेबानं सही केली? मग लाइन क्लिअर!" म्हणजे वाट मोकळी, जा पुढं. हा अर्थ रेल्वेतून आला. हैदराबाद संस्थानच्या काळात, १९०० च्या सुमाराला, सिकंदराबाद ते मनमाड अशी मीटरगेज लाइन गोदावरी खोऱ्यातून आली. आपली लाइन ती. तेव्हा एकेरी होती. एकेरी रुळावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत, एकामागून दुसरी येऊन धडकू नये, यासाठी जगभर एक पद्धत बसली. दोन स्टेशनांमधल्या रुळाच्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी. समजा, परभणीहून पूर्णेकडं गाडी सोडायची आहे आणि पुढचं स्टेशन पिंगळी. परभणीचा स्टेशन मास्तर आपल्या मनानं गाडी सोडत नाही. तो पुढच्या मास्तरला विचारतो. पुढचा मास्तर बघतो, आधीची गाडी पूर्ण आत आली का, रूळ मोकळा आहे का. आपल्या पहिल्या सिग्नलपर्यंतच बघून भागत नाही. गाडी सिग्नलला थांबताना थोडी पुढं घसरली तर, म्हणून त्याच्यापुढंही ठरावीक अंतर मोकळं लागतं. आताच्या रंगीत दिव्यांच्या सिग्नलांना ते १८० मीटर आहे, जुन्या हाताच्या सिग्नलांना ४०० मीटर होतं. हे सगळं ठीक असेल तर तो 'लाइन क्लिअर' देतो. मग गाडी निघते.

हे नुसतं तोंडानं सांगून चालत नसे. देशात अनेक एकेरी मार्गांवर यंत्रातून लोखंडी गोळा निघायचा, तो कातडी पिशवीत घालून कड्याला लावून ड्रायव्हरच्या हातात द्यायचे. पळत्या इंजिनातून तो कडं हातात अडकवून घ्यायचा. जुन्या मंडळींनी कुठं ना कुठं हे बघितलं असेल. गोळा हातात नाही तर पुढं जायचं नाही. यंत्र बंद पडलं तर कागदावर लिहून द्यायचं, त्याला 'पेपर लाइन क्लिअर' म्हणतात. दोन मास्तर टेलिफोनवर बोलतात तेव्हा एकमेकांना एक गुप्त आकडा सांगतात, 'प्रायव्हेट नंबर', आणि तो लिहून घेतात. फक्त "हो, क्लिअर आहे" एवढ्यावर कुणी विसंबत नाही.

तर रेल्वेत 'लाइन क्लिअर' म्हणजे काय? गाडी येणार. रुळावर कुणी असाल तर बाजूला व्हा.

आता खांबावर चढू. महावितरणमध्ये, आणि त्याआधी विद्युत मंडळ होतं तेव्हाही, लाइनमनला तारेवर काम करायचं असेल तर तो आधी 'लाइन क्लिअर' घेतो. त्यांच्या बोलण्यात 'एलसी'. इथं ती म्हणजे काय? या तारेतली वीज बंद केली आहे, आता तुम्ही तारेला हात लावू शकता.

बघा काय झालं. रेल्वेत लाइन क्लिअर म्हणजे लाइन जागी होणार, माणसानं लांब व्हावं. विजेत लाइन क्लिअर म्हणजे लाइन मेली, माणसानं जवळ जावं. शब्द दोन्हीकडं तेच, अर्थ बरोबर उलटे. मघाच्या 'लाइन सोडली'सारखेच. पण रांग सोडण्यात कुणी मरत नाही.

तुम्ही म्हणाल, रेल्वेचा मास्तर रेल्वेत, लाइनमन खांबावर, दोघांची गाठ कुठं पडते? खरी भीती वेगळी आहे. खांबावरचं काम संपलं. खालून कुणीतरी उपकेंद्रात फोन केला, "साहेब, लाइन क्लिअर आहे." याचा अर्थ काय घ्यायचा? लाइन अजून बंदच आहे, माणसं कामावर आहेत? का माणसं उतरली, लाइन मोकळी आहे, आता चालू करा? मराठी म्हणून दोन्ही अर्थ बरोबर आहेत. दुसरा अर्थ तर आपल्या रोजच्या बोलण्यातला, 'वाट मोकळी, जा पुढं' हा. फोन करणारा पहिल्या अर्थानं बोलला आणि ऐकणाऱ्यानं दुसरा घेतला, तर मधे खांबावर माणूस आहे.

म्हणूनच या कामात एलसी ही बोलण्याची गोष्ट ठेवलेली नाही. ती घ्यायची वस्तू आहे आणि परत करायची वस्तू आहे. क्रियापद बघा: एलसी 'घेतली', एलसी 'परत केली'. आहे-नाही असं म्हणायचं नाही. कुणी घेतली, कोणत्या फीडरवर घेतली, किती वाजता, हे लिहायचं, नोंद करायची. उपकेंद्रात ब्रेकर पाडायचा, आयसोलेटर उघडून तुकडा डोळ्यांना दिसेल असा वेगळा करायचा. मग तार खरंच मेली का हे तपासायचं. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, काम करायच्या जागी तारा जमिनीला जोडायच्या. डिस्चार्ज रॉड लावायचा, अर्थिंग करायचं. का? कारण उपकेंद्रातून वीज बंद असली तरी तारेत ती दुसऱ्या बाजूनं येऊ शकते. कुणाच्या घरचं जनरेटर चुकीचं जोडलेलं असतं, वरून दुसरी चालू तार गेलेली असते, शेजारच्या जिवंत लाइनीमुळंही बंद तारेत दाब तयार होतो. अर्थिंग असेल तर ती वीज जमिनीत जाते. ज्यानं एलसी घेतली त्यानंच ती परत करायची, सगळी माणसं खाली उतरली हे मोजून, अर्थिंग काढून. तोवर उपकेंद्रातल्यानं कुणाच्याही फोनवर लाइन सोडायची नाही, मग फोन सरपंचाचा असो की आमदाराचा.

आता ही सगळी खबरदारी पगारी माणसांची झाली. आमची काळजी इथं बसलेल्या मंडळींची आहे. आपल्याकडं डीपीवर कोण चढतं हे आपल्याला माहीत आहे. (डीपी म्हणजे रोहित्राचा, मोबाइलवरचा नव्हे. तिथं 'डीपी बदलला' म्हणायला काही धोका नाही.) फ्यूज उडाला, गहू पाण्याला आलाय, लाइनमन दुसऱ्या गावाला गेलाय. मग चार जण जमतात. एक विचारतो, "लाइन हाय का?" दुसरा म्हणतो, "न्हाई, लाइन गेलीय." आणि तिसरा डीपीवर हात घालतो.

'लाइन गेलीय' या दोन शब्दांत काय काय बसतं बघा. माझ्या घरातला दिवा बंद आहे, एवढंच. तीन फेजांतला एक गेला असेल आणि बाकी दोन जिवंत असतील. घरांचं फीडर वेगळं आणि शेतीपंपांचं वेगळं, त्यातलं एक बंद असेल. रोहित्राच्या खालच्या अंगाला काही नसेल आणि वरच्या अंगाला ११ केव्ही असेल, म्हणजे अकरा हजार व्होल्ट. घरातल्या २३० च्या जवळजवळ पन्नास पट. वेळापत्रकाप्रमाणं पाळी संपून लाइन गेली असेल, आणि पुढची पाळी सुरू झाली की कुणालाही न विचारता ती येईल. यातल्या प्रत्येकाला आपण 'लाइन गेली' एवढंच म्हणतो. सांगणारा खोटं बोलत नाही. त्याच्या दृष्टीनं लाइन गेलेलीच असते. एलसी घेतलेली लाइन आणि गेलेली लाइन यांत फरक एवढाच की पहिली कुणीतरी नाव लिहून बंद केलीय आणि तोच माणूस सांगेपर्यंत ती चालू होणार नाही. दुसरीचा धनी कुणीच नाही.

म्हणून डीपीशी उभं राहून कुणी "लाइन गेलीय" म्हणालं तर पुढचे प्रश्न विचारा: कोणती लाइन? कुठून बंद केली? कुणी केली? परत कोण सोडणार? चारही उत्तरं तिथं उभ्या असलेल्यांपैकी कुणाकडं नसतात. अन् ती ज्याच्याकडं असतात त्याला बोलवावं लागतं, मग गव्हाचं एक पाणी चुकलं तरी चालेल.

आता शेवटचं एक. एवढी वर्षं आपल्या गावात दोन लाइनी शेजारी होत्या, एक जमिनीवर रुळांची, दुसरी बाजूच्या खांबांवर. आता त्या एकावर एक आल्यात. हा मार्ग दुहेरी झाला, त्यावर विजेच्या तारा आल्या, आणि नांदेड-मुंबई वंदे भारत याच तारांखालून जाते. रुळावरच्या त्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. म्हणजे एकाच जागी खाली रेल्वेची लाइन आणि वर विजेची लाइन. अशा ठिकाणी गँगमननं "लाइन क्लिअर का?" विचारलं तर उत्तर कोणत्या लाइनीचं द्यायचं? रेल्वेनं यावर काढलेला तोडगा आम्हाला आवडतो. काम करायचं असेल तेव्हा त्यांनी 'क्लिअर' हा शब्दच बाजूला ठेवलाय. गाड्या थांबवून रूळ कामासाठी दिला तर 'ट्रॅफिक ब्लॉक'. तारेतली वीज बंद करून दिली तर 'पॉवर ब्लॉक'. दोन्ही स्वतंत्रपणे मागायचे, दोन्ही स्वतंत्रपणे लिहून मिळतात, आणि एक मिळाला म्हणजे दुसरा मिळाला असं धरायचं नाही. 'लाइन क्लिअर' त्यांनी गाडी सोडण्यापुरतंच राखून ठेवलंय.